गृहचौकशी अहवालात जात कुठून शिरते, आणि ती कशी अडवायची

माझ्या कपाटात २०११ सालच्या जानेवारीतल्या एका गृहचौकशी अहवालाची झेरॉक्स आहे. मूल कुठे राहावं हे ठरण्याआधी त्याच्या घरी जाऊन जी चौकशी होते, तिचा हा कागद. हस्ताक्षर माझं. पडघ्याजवळच्या एका वीटभट्टीवरची दोन भावंडं, थोरली आठ वर्षांची, धाकटा चार. कातकरी आदिवासी. आई काविळीने गेलेली, बाप दारू पिऊन आठ-आठ दिवस गायब. भट्टीवर आजी होती. मी लिहिलं होतं: ‘झोपडी कच्ची व अस्वच्छ. पिता व्यसनी. आजी वृद्ध, निरक्षर, कायम पत्ता नाही. बालकांच्या वाढीस पोषक वातावरण नाही. संस्थेत दाखल करण्याची शिफारस.’

त्याच आठवड्यात डोंबिवलीतही एक चौकशी केली होती. तिथलाही बाप प्यायचा, आई दीर्घ आजाराने दवाखान्यात. तिथे मी लिहिलं: ‘कुटुंब कठीण प्रसंगातून जात आहे. मावशी मुलांना सांभाळण्यास तयार आहे. तात्पुरत्या आधाराची गरज.’ त्या मावशीकडे दीड खोली होती आणि तिची स्वतःची तीन मुलं. दीड खोलीचा उल्लेख मी केला नाही. तिने मला खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला, आणि तिचं आडनाव माझ्या माहेरच्या आडनावासारखंच होतं. भट्टीवर मी उभ्यानेच चौकशी केली होती, वीस मिनिटांत.

डोंबिवलीची मुलं मावशीकडे गेली. भट्टीवरची दोघं दोन वेगळ्या संस्थांत गेली, कारण धाकट्याच्या वयाची मुलं घेणारी संस्था वेगळी होती. आजीला त्यांचा पत्ता लागायला दहा महिने गेले. दिवाळीनंतर ती भेटायला आली तेव्हा फडक्यात उकडलेले करांदे बांधून आणले होते. आजी कातकरीत विचारत होती आणि नात मराठीत उत्तर देत होती. धाकटा तिच्या जवळ जायला तयार नव्हता. ‘पोरं माझीच हायत ना, ताई?’ असं तिने मला विचारलं.

मी कळव्यात राहते आणि ठाणे जिल्ह्यात हे काम २००६ पासून करते. पुढे जे लिहिते आहे ते बाल कल्याण समितीसाठी, म्हणजे मूल कुठे राहील याचा आदेश देणाऱ्या समितीसाठी, गृहचौकशी करणाऱ्या नव्या मुला-मुलींसाठी आहे, आणि ज्यांना फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न घेता प्रतिपालक म्हणून सांभाळायला, मूल आपल्या घरी आणायचं आहे त्यांच्यासाठीही. कुठलं मूल नातेवाइकांकडे राहतं, कुठलं प्रतिपालक कुटुंबात जातं आणि कुठलं वर्षानुवर्षं संस्थेत राहतं, यातला फरक बऱ्याचदा आपल्या कागदावर तयार होतो. तो कागदावरच कमी करता येतो.

गेल्या दिवाळीत माझी भाची मिनेसोटाहून आली होती. तीही तिथे मुलांच्या संरक्षणाच्या कामात आहे. फराळाच्या वेळी मी तिला तो जुना अहवाल वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘मावशी, जातीच्या जागी वंश घाल, बाकीची वाक्यं आमच्याकडेही हीच आहेत.’ अमेरिकेतल्या एकूण मुलांमध्ये कृष्णवर्णीय मुलं साधारण १४ टक्के आहेत, फॉस्टर केअरमध्ये मात्र ती २० टक्क्यांच्या वर असतात. तिथल्या मूळनिवासी जमातींचं तर त्याहून वाईट झालं होतं. १९७० च्या दशकातल्या पाहण्यांत त्यांची २५ ते ३५ टक्के मुलं घरापासून तोडलेली आढळली, आणि त्यातली बहुतेक जमातीबाहेरच्या घरांत वाढत होती. म्हणून १९७८ मध्ये इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट झाला. मूल हलवायचंच असेल तर आधी नातेवाईक, मग जमातीने मान्य केलेलं घर, मग दुसरं एखादं मूळनिवासी घर, असा क्रम त्याने घालून दिला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा कायम ठेवला, आणि २०२४ मध्ये मिनेसोटाने कृष्णवर्णीय कुटुंबं टिकवण्यासाठी त्याच वळणाचा कायदा केला. भाची म्हणाली की मूल काढून घेण्याचं तिथलं सर्वांत मोठं कारण मारहाण नसतं, ‘दुर्लक्ष’ असतं, आणि दुर्लक्ष म्हणून जे लिहिलं जातं त्यातलं पुष्कळ नुसतं दारिद्र्य असतं. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर शहापूर, मुरबाड आणि भिवंडीच्या वाड्या येत होत्या.

आपला कायदा या बाबतीत वाईट नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या तिसऱ्या कलमात तत्त्वं दिली आहेत, ती अहवाल लिहिण्याआधी दर वेळी वाचा. संस्था हा शेवटचा उपाय, समानता आणि भेदभाव नाही, आणि मुलाच्या कामकाजात दोषारोपाचे शब्द वापरायचे नाहीत, ही तिन्ही तत्त्वं तिथेच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेवर भारताने १९९२ मध्ये संमती दिली. तिच्या विसाव्या कलमात म्हटलं आहे की मूल घरापासून दूर ठेवताना त्याच्या वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमीची सलगता लक्षात घ्यावी. केवळ गरिबीसाठी मूल कुटुंबापासून तोडू नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलं आहे. अडतं ते चौकशीला गेल्यावर आपण काय बघतो आणि काय लिहितो तिथे.

आधी एक वही करा

दोनशे पानी, लांब आकाराची. नावं लिहू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्या. रकाने असे आखा: मूल कुठे सापडलं, कुणी आणलं (रेल्वे पोलीस, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, शेजारी, शाळा), जात-जमात-धर्म, घरी बोलायची भाषा, किती नातेवाइकांना प्रत्यक्ष भेटलात, तुमची शिफारस काय, समितीचा आदेश काय, भावंडं एकत्र राहिली का, मूल घरी परत गेलं असेल तर तारीख.

नातेवाइकांचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्यात फोन धरायचा नाही. प्रत्यक्ष जाऊन भेटलेली माणसं तेवढी मोजायची. तीन-चार महिन्यांनी वही उघडी ठेवून बसा आणि टप्प्याटप्प्याने वाचा: कोण आपल्यापर्यंत येतं, कुणाचे नातेवाईक आपण शोधतो, कुणाला घर मिळतं, कोण परत जातं. सगळ्या समाजांचं नुकसान एकाच टप्प्यावर होत नाही. माझ्या वहीत पारधी मुलांचं बिघडायचं ते अगदी पहिल्या टप्प्यावर. कल्याण किंवा ठाणे स्टेशनवर आईपासून दहा पावलांवर खेळणारं मूल ‘बेवारस’ म्हणून यायचं. कातकरी मुलांचं चौकशीच्या टप्प्यावर बिघडायचं, कारण आम्ही भट्टीवर जायचो आणि वाडीवर जायचोच नाही. मुंब्रा आणि भिवंडीच्या मुसलमान मुलांची चौकशी बरी व्हायची, पण प्रतिपालक कुटुंबांच्या आमच्या यादीत त्यांच्या घरची भाषा बोलणारं एकही घर नव्हतं. तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांना औषधंही वेगवेगळी लागतात. वही नसती तर मी तिघांसाठी एकच प्रशिक्षण शिबिर घेऊन मोकळी झाले असते.

शब्द

आता अहवालावर येते. इथे मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण समितीसमोर मूल पाच-दहा मिनिटं असतं आणि तुमचा कागद फाइलमध्ये कायम राहतो. पुढचा प्रत्येक अधिकारी त्या कागदावरूनच मुलाकडे बघतो.

‘अस्वच्छ’ हा शब्द वापरणं मी पूर्ण सोडलं. त्याऐवजी काय दिसलं ते लिहिते. पाणी कुठून येतं, किती लांबून, हंडा झाकलेला होता का, मुलाच्या अंगावर खरूज किंवा जखम होती का, ती कुणाला दाखवली. वीटभट्टीवर सगळ्यांच्या अंगावर मातीच असते, भट्टीमालकाच्या मुनिमाच्याही. माती दिसली म्हणून काळजी घेतली जात नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या आजीने नातीच्या केसांना तेल लावून वेणी घातलेली होती. मला ती आज आठवते, अहवालात ती नाही.

‘पिता व्यसनी’ या दोन शब्दांवर मूल हलतं. लिहायचं असेल तर तीन गोष्टी लिहा: किती वेळा पितो, प्यायल्यावर मुलांशी कसा वागतो, आणि त्या वेळी मुलं कुणाजवळ असतात. सोसायटीच्या फ्लॅटमधला बाप रोज प्यायला तरी आपण ‘मद्यपानाची सवय’ लिहितो आणि झोपडीतल्याला ‘व्यसनी’, हे एकदा आपल्याच जुन्या दहा अहवालांत तपासून बघा. मी तपासलं तेव्हा दोन रात्री मला झोप लागली नाही.

‘कायम पत्ता नाही’ हे कातकऱ्यांबद्दल जवळपास नेहमीच चुकीचं असतं. दसरा-दिवाळीनंतर घरं भट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. पत्ते दोन असतात, दोन्ही लिहा. ‘ऑक्टोबर ते मे अमुक भट्टी, जून ते सप्टेंबर अमुक वाडी, तालुका मुरबाड’ असं लिहिलं की समितीला पाठपुरावा करता येतो. कुटुंबाने भट्टीमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली असेल तर तीही लिहा. उचल फिटल्याशिवाय सोडत नाहीत म्हणून आजी मुलांना घेऊन गावी जाऊ शकली नाही, तर तो दोष आजीचा ठरत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद केलेली आहे, आणि तसं चित्र दिसलं तर ती वेगळी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवी. आजीच्या चौकशी अहवालात तिची शिक्षा आजीला द्यायची नाही.

‘गुन्हेगारी पार्श्वभूमीची वस्ती.’ पारध्यांच्या पालांबद्दल, म्हणजे तंबूंच्या वस्तीबद्दल, हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या जणांच्या हातचं वाचलं आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, आणि आपण मात्र तो वस्तीच्या रकान्यात अजून लिहितो आहोत. कुटुंबातल्या एखाद्या माणसावर गुन्हा असेल आणि त्याचा मुलाच्या सुरक्षिततेशी संबंध असेल तर त्या माणसाबद्दल तेवढंच लिहा. वस्तीबद्दल नको.

‘आजी वृद्ध.’ वय किती, ते विचारा. माझ्या त्या अहवालातली वृद्ध आजी पंचावन्नच्या आत-बाहेरची असावी. ती दिवसभर विटा वाहत होती. मी आज त्याच वयाची आहे आणि मला कुणी वृद्ध म्हणत नाही.

शेवटी एक रकाना स्वतःहून वाढवा: ‘हे मूल याच घरात राहायचं असेल तर काय लागेल?’ आणि त्याचं उत्तर वस्तूंत आणि रुपयांत द्या. ताडपत्री, दोन चादरी, आश्रमशाळेतला प्रवेश, रेशनकार्डावर नाव, महिन्याला इतके रुपये. हा रकाना भरायला घेतला की शिफारस बदलते. संस्थेत ठेवण्याचा खर्च सरकार करतंच, मग त्याहून कमी खर्चात मूल आजीजवळ राहू शकतं हे समितीला समोर दिसायला हवं.

नातेवाईक कसे शोधायचे

मूल सापडल्यापासून २४ तासांत समितीसमोर आणायचं असतं, आणि सामाजिक चौकशीला कायदा १५ दिवस देतो. शहरातल्या मुलाला हे पुरतात. भट्टीवरच्या मुलाला पुरावेत यासाठी पहिल्याच दिवशी निघावं लागतं.

भट्टीवर जायचा उत्तम दिवस म्हणजे खर्चीचा, म्हणजे घरखर्चाचे पैसे मिळण्याचा. आठवड्याच्या खर्चीसाठी सगळी जोडपी एका जागी जमतात, बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी बाजारही असतो. त्या दिवशी दोन तास बसलात तर मुलाची मामी, आत्या, चुलत आजी, सगळ्यांचा माग लागतो. मालकाच्या किंवा मुकादमाच्या देखत विचारू नका, चुलीपाशी विचारा. आणि खाली बसा. ‘मुलाला कोण सांभाळेल?’ असा प्रश्न टाकला तर सगळे गप्प होतात, कारण त्यात जबाबदारी आणि सरकारी कागद दोन्ही दिसतात. ‘हा आजारी पडला की कुणाकडे जातो?’, ‘रात्री कुणाच्या कुशीत झोपतो?’ असं विचारा. मुलालाही विचारा. चार वर्षांचं मूल बोटाने दाखवतं.

वाडीवर अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना सगळी नाती तोंडपाठ असतात. रेशन दुकानदाराकडच्या यादीत आडनावं मिळतात. कातकऱ्यांत वाघे, मुकणे, हिलम अशी आडनावं पुष्कळ घरांची असतात, म्हणून आडनावावर न थांबता बापाच्या बापाचं नाव आणि वाडी विचारा. तुर्भ्याच्या दगडखाणींवरच्या वडार कुटुंबांत किंवा दिव्याच्या चाळींत परप्रांतातून आलेल्या घरांत गावचा फोन नंबर मुकादमाकडे किंवा कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याकडे हमखास असतो.

नातेवाईक सापडले की त्यांची खोली मोजू नका. प्रतिपालक म्हणून अर्ज करणाऱ्या अनोळखी कुटुंबाला लावायचे निकष आजीला लावले तर एकही आजी पास होणार नाही. अमेरिकेतही नेमकं हेच होत होतं. २०२३ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने नियम काढून राज्यांना मुभा दिली की नातेवाइकांच्या घरांसाठी परवान्याचे वेगळे, सोपे निकष ठेवावेत. आपण आपल्यापुरतं एवढं तरी करू शकतो की मूल तिथे सुरक्षित आहे का, त्याला कुणी जीव लावतं का, आणि तब्येत-शाळा सांभाळली जाईल का, हे तीन प्रश्न खोल्यांच्या संख्येआधी लिहायचे.

पैसे

अनेक नातेवाईक ‘नाही’ म्हणतात ते पोट आणखी एक वाढणार म्हणून. त्यांना योजना तोंडी सांगून उपयोग नाही, फॉर्म सोबत न्या. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठी प्रायोजकत्व आहे आणि नात्यात नसलेल्या कुटुंबासाठी फॉस्टर केअर, दोन्हींत महिन्याला ४,००० रुपये. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो.

अडचण कागदांची येते. आईच्या मृत्यूचा दाखला नसतो, कारण मृत्यू भट्टीवर झाला आणि नोंद ना इथल्या ग्रामपंचायतीत, ना गावच्या. बँक खातं नसतं. अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून परत येतो आणि मूल संस्थेत राहतं, मग आपणच म्हणतो की कुटुंबाला रस नव्हता. माझी पद्धत अशी: शिफारस लिहिण्याआधी आजीसोबत बँकेत जायचं, ग्रामसेवकाकडे जायचं, आणि जे कागद अजून मिळायचे आहेत त्यांची यादी तारखांसह अहवालाला जोडायची. ‘कागद नाहीत’ आणि ‘कागद काढण्याचं काम चालू आहे’ या दोन वाक्यांवर समितीचे आदेश वेगळे पडतात. यात पूर्ण दिवस जातो. तो जाऊ द्या.

नाव झाकून वाचणं

न्यूयॉर्क राज्यातल्या नॅसाऊ काउंटीत मूल काढून घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीत मुलाचं नाव, वंश आणि राहण्याचा भाग झाकून ठेवायची पद्धत सुरू झाली. तिची खूप चर्चा झाली. पुढे संशोधकांनी आकडे पुन्हा तपासले तेव्हा परिणाम सुरुवातीला सांगितला गेला तेवढा ठोस निघाला नाही. म्हणून हा रामबाण उपाय म्हणून मी सांगत नाही. पण आमच्या शुक्रवारच्या बैठकीत आम्ही हे करतो, आणि त्याचा उपयोग मला वेगळ्या ठिकाणी दिसला.

अहवालावर कोरा कागद ठेवून नाव, आडनाव, वस्ती, जात झाकायची आणि दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावायचं. मग बाकीच्यांनी सांगायचं, मूल कुठे राहावं. गंमत म्हणून हे करू नका, मन लावून करा. जात झाकली तरी ‘पाल’, ‘झोपडी’, ‘भटकंती’ हे शब्द जात सांगून जातात, आणि तेच शब्द खरे तपासायचे असतात. वाचणाऱ्याला समाज ओळखता आला तर विचारायचं, कुठल्या शब्दावरून? त्या शब्दाखाली रेघ मारायची. तो शब्द मुलाच्या सुरक्षिततेबद्दल काही सांगतो का? सांगत नसेल तर बदलायचा. निर्णय झाल्यावर कागद काढून टाकायचा, कारण मूल कुठल्या समाजाचं आहे हे पुढच्या टप्प्यावर माहीत असावंच लागतं.

कुटुंबं कुठून आणायची

मुलाला नातेवाईक मिळालेच नाहीत तर प्रतिपालक कुटुंब. आमची सुरुवातीची यादी मी बघते तेव्हा नौपाडा, डोंबिवली पूर्व, वाशी, नेरूळ, एवढेच पत्ते दिसतात. कारण साधं होतं: आम्ही सभा तिथेच घेतल्या होत्या. हॉल चांगले होते.

मग मी मुंब्र्यात बायकांच्या बचत गटांत गेले, भिवंडीत पॉवरलूमवाल्या मोहल्ल्यात गेले, कळव्यात बौद्ध विहारात रविवारी वंदनेनंतर बोलले, येऊरच्या पाड्यांवर गेले, मुरबाडला ठाकर वाडीत गेले. माहितीपत्रक उर्दूतही केलं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी मोठी वाट मोकळी केली: आता अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तीही फॉस्टर केअरसाठी अर्ज करू शकतात, आणि मूल दोन वर्षं त्या घरात नीट राहिलं तर दत्तकाचा विचार होऊ शकतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. एकट्या बाईलाही अर्ज करता येतो हे कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून थांबलेल्या कितीतरी जणी मला या वस्त्यांत भेटल्या.

आणि तो प्रश्न, जो प्रत्येक सभेत चहाच्या वेळी हळूच येतो: ‘मॅडम, मुलाची जात काय असते?’ पूर्वी मी चिडायचे. आता विचारते, ‘कळली तर तुमचं काय बदलेल?’ आणि गप्प बसते. काही लोक प्रामाणिकपणे सांगतात की सासूबाईंचं देवघर आहे, गावकी आहे. त्यांचे आभार मानते आणि त्यांचा अर्ज पुढे नेत नाही. जातीवरून नकार देणाऱ्या घरात दुसरं ‘चालणारं’ मूल ठेवणंही मला धोक्याचं वाटतं, कारण उद्या त्या मुलाचंही काहीतरी चालणार नाही. काही लोक विचारतात कारण त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं: मूल काय खातं, कुठला सण करतं. त्यांना सगळं सांगायचं. दोघांमधला फरक पुढच्या दोन भेटींत उघड होतो. सुकट, बोंबील, बैदा (अंडं) घरात चालेल का, हा एक प्रश्न पुरतो. शाकाहारी घरांत मूल ठेवू नये असं मी म्हणत नाही, पण मुलाने खाल्लेलं घाण आहे असं ज्या घरात शिकवलं जाईल तिथे ठेवू नये.

समाज जुळवण्याच्या नावाखाली मूल ताटकळत ठेवणं हाही अन्याय आहे, हे विसरू नका. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने वंशाच्या कारणावरून घर मिळण्यात उशीर करायला बंदी केली आणि त्याच वेळी राज्यांना सांगितलं की मुलं ज्या समाजांतली आहेत त्या समाजांतून कुटुंबं मेहनतीने शोधा. माझ्या मते आपल्यालाही दोन्ही एकदम करायला हवं. चांगलं घर समोर असताना त्याच जातीचं घर मिळेपर्यंत थांबायचं नाही. आणि तसं घर मिळत नाही असं म्हणण्याआधी त्या वस्तीत किती वेळा गेलो ते वहीत बघायचं.

मूल घरात गेल्यावर

भावंडं शक्यतो एकत्र ठेवा, बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. एकाच घरात शक्य नसेल तर एकाच वॉर्डात, आणि दर रविवारी भेट आदेशातच लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. आई-वडिलांच्या भेटींचंही तेच. नेरूळच्या एका घरात भेटीचा दिवस मंगळवार होता. बापाचं काम भट्टीवर, मंगळवारी सुटी मिळेना, चार भेटी हुकल्या आणि फाइलवर ‘पित्याला रस नाही’ अशी नोंद झाली. भेटीचा दिवस कुटुंबाच्या खर्चीच्या दिवशी ठेवला आणि गाडीभाडं दिलं, मग एकही भेट हुकली नाही.

प्रतिपालक आईला पहिल्या आठवड्यात मुलाच्या घरच्या भाषेतले वीस शब्द लिहून द्या: पाणी, भूक, दुखतंय, शी, झोप, आजी. नातेवाइकांच्या आवाजातली एखादी गोष्ट किंवा गाणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. मुलाची भाषा ‘सुधारू’ नका, शाळेची मराठी ते शाळेत शिकेल.

समितीच्या फॉस्टर केअरबाबतच्या निर्णयावर कुटुंबाला हरकत असेल तर ३० दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. ही गोष्ट नातेवाइकांना आदेशाच्या दिवशीच सांगा आणि शेवटची तारीख कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. निरक्षर असले तरी द्या, वाडीत वाचणारं कुणीतरी असतंच.

एक काम बहुतेक सगळे विसरतात. मूल घरापासून लांब वाढलं की अठराव्या वर्षी त्याच्याकडे जातीचा दाखला नसतो, आणि त्याच्या हक्काची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी सगळं हुकतं. दाखल्यासाठी वडिलांकडच्या घराण्याचा जुना पुरावा लागतो: अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. हा पुरावा आज आजीच्या आठवणीत, शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये, तलाठ्याच्या दप्तरात आहे. दहा वर्षांनी आजी नसेल. म्हणून पहिल्याच गृहचौकशीत पणजोबांचं नाव, मूळ गाव आणि कुणी शाळेत गेलं असेल तर त्या शाळेचं नाव लिहून घ्या.

त्या दोन भावंडांपैकी थोरलीसाठी मी हे नंतर केलं. २०१३ मध्ये दोघं आजीकडे परत गेली होती, तेव्हा आजीने पणजोबांचं नाव सांगितलं आणि मुरबाडच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या रजिस्टरमध्ये तिच्या दिराचं नाव सापडलं. पान वाळवीने निम्मं खाल्लं होतं. मुख्याध्यापकांनी उरलेल्या निम्म्या पानाची खरी प्रत करून शिक्का मारून दिला, आणि तिला दाखला मिळाला.